मालगुंडचा पखवाज, डोंबिवलीची झांज

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंडसारख्या गावांतली भजनी मंडळे मोडतात ती बहुधा भांडणामुळे नव्हे, तर नोकरीमुळे. बुवा, पेटी आणि पखवाज गावात राहतात, झांजवाले आणि कोरस चाकरमानी होऊन मुंबई-ठाण्याकडे जातात, आणि गणपतीचे दिवस सोडले तर ही माणसे एका बैठकीत येत नाहीत. इंटरनेटच्या साहाय्याने अशा जुन्या मंडळाचे ध्वनिमुद्रण करता येते, मात्र सर्वांनी एकाच वेळी वाजवायचे ठरवले तर ते बहुधा फसते.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने जातो; म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या झांजवाल्याला पखवाजाची थाप सुमारे 9 मिलिसेकंद, अर्थात सेकंदाचे 9 हजारांश भाग, उशिरा ऐकू येते, आणि एवढ्या उशिराची वादकाला सवयच असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला लावला, तेव्हा 10 ते 20 मिलिसेकंदांच्या विलंबात लय स्थिर राहिली, त्याहून कमी विलंबात ती चढली आणि जास्त विलंबात उतरत गेली, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो.

मालगुंड ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आतले असून, काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जाणाऱ्या प्रकाशाला त्यासाठी जेमतेम एक मिलिसेकंद पुरतो. खरा वेळ खातात ती मधली यंत्रे: आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेणे, त्यांची पुडकी बांधणे, मोबाइल मनोऱ्यावर रांगेत थांबणे आणि मागे राहिलेल्या पुडक्यांसाठी पलीकडे थोडा साठा राखणे. हा विलंब साध्या व्हिडिओ कॉलवर सहज 100 मिलिसेकंदांच्या पुढे जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चौगुणीची, म्हणजे मात्रेत चार वाजणाऱ्यांपैकी, एक थाप 125 मिलिसेकंदांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे झांज जवळजवळ एक अख्खी थाप मागे पडणार, हे उघड होते. शिवाय कॉलची प्रणाली एकसुरी आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबू पाहते आणि पेटीचा धरून ठेवलेला सूर त्यात बळी जातो. मालगुंडात जन्मलेल्या केशवसुतांच्या ‘सतारीचे बोल’ या कवितेत रात्री दुरून सतार ऐकणारा माणूस आहे. त्याला फक्त ऐकायचे होते, साथ करायची नव्हती.

म्हणून प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र थरात मुद्रित करून ते थर नंतर एकमेकांवर बसवावे लागतात. लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांनी 1951 मध्ये ‘हाउ हाय द मून’ हे गाणे अशाच थरांतून गाजवले होते. पाश्चात्त्य पद्धतीत पहिला थर बहुधा यंत्राच्या एकसारख्या टकटकीचा असतो, पण गजरात लय बुवांच्या इशाऱ्याने चढत जाते, त्यामुळे ती टकटक येथे निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरते. बुवा, पेटी आणि पखवाज यांना गावातच एकत्र बसवून पहिला थर घेणे अधिक शहाणपणाचे. त्याआधी पखवाजाच्या धुम्याची, म्हणजे खर्जाच्या तोंडाची, कणीक आणि शाईच्या बाजूचा सूर पेटीशी जुळवून घ्यावा, कारण श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत चामडे ढिले पडून सूर उतरतो, आणि तो नंतर सुधारायचा तर पुढचे सगळे थर बदलावे लागतात.

डोंबिवलीतल्या झांजवाल्याने हा थर तारेच्या इअरफोनवर ऐकावा, कारण ब्लूटूथ स्वतःचा विलंब जोडते. सुरुवातीला एक टाळी मुद्रित करावी, म्हणजे पडद्यावरच्या तिच्या उभ्या रेघेवरून दोन्ही थर जुळवता येतात. तरीही दोन फोनांची घड्याळे तंतोतंत एक नसतात. दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तर पंधरा मिनिटांच्या भजनात 18 मिलिसेकंदांची तफावत पडते, जी गाण्याच्या मऊ उठावात लपते पण झांजेच्या आघातात उघडी पडते. कोरसच्या बाबतीत मात्र संगणकाने सगळे आवाज एका रेघेत बसवण्याचा मोह टाळावा, कारण आवाजांमधल्या 20-30 मिलिसेकंदांच्या पुढे-मागे होण्यामुळेच कानाला तेथे अनेक माणसे गात असल्याचे कळते.