कळफलकावरचा बीड जिल्हा

कीबोर्डच्या कळेवर छापलेल्या अक्षराचा कळेच्या आतल्या कामाशी संबंध नसतो. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली रबराची छोटी घुमटी आणि तिच्याखाली वीजवाहक रेषा छापलेले प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात. कळ दाबली की वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. या आडव्या-उभ्या रेषांचे जाळे एक चिप अखंड तपासत असते आणि कोणत्या जागी रेषा टेकल्या, तेवढा क्रमांक संगणकाला कळवते. त्या जागेचे अक्षर कोणते, हे संगणकातली प्रणाली ठरवते. म्हणून इंग्रजी छापाच्या कीबोर्डवर मराठी अर्ज बिनदिक्कत लिहिता येतो.

अक्षरकळांची इंग्रजी मांडणी शोल्स या संशोधकाच्या टंकयंत्रातून आली; रेमिंग्टन कंपनीने ते 1874 मध्ये बाजारात आणले. देवनागरीसाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये इनस्क्रिप्ट मांडणी तयार केली आणि 1991 च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. ती वर्णमालेच्या क्रमाला धरून आहे, आणि हेच तिचे मोठेपण. उजव्या हाताखालच्या ‘के’ कळेवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. तिच्यावरच्या ‘आय’ कळेवर ग आणि घ. त, च, ट, प यांचे वर्गही असेच. डाव्या हाताला स्वर: मधल्या ओळीत इ-उ, त्यांच्या वरच्या ओळीत ई-ऊ. नुसती कळ दाबली की मात्रा उमटते, शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर.

बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावे लिहून पाहिली तर ही रचना चटकन ध्यानात येते. ‘बीड’ला ब, दीर्घ वेलांटी आणि ड अशा तीनच कळा पुरतात. ‘परळी’तल्या ळसाठी ‘एन’ कळ शिफ्टसह दाबावी लागते. ‘गेवराई’च्या शेवटी ‘आर’ कळ शिफ्टसह दाबली की ई येते, कारण नुसत्या ‘आर’वर दीर्घ वेलांटी आहे. ‘शिरूर’मध्ये वेलांटी दिसते श च्या आधी, पण उच्चाराच्या क्रमाने ती श नंतर दाबायची, जुन्या टंकयंत्राची सवय असलेल्या हाताला हे नवे वाटते. ‘आष्टी’मध्ये ष आणि ट यांच्यामध्ये ‘डी’ कळ दाबून हलन्त दिला की जोडाक्षर आपोआप जुळते.

‘एफ’ आणि ‘जे’ कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवल्या की न पाहता बाकीच्या कळा सापडतात. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला 30 शब्दांचे किंवा इंग्रजीत 40 शब्दांचे प्रमाणपत्र लागते, आणि हा वेग कळांकडे पाहत बसून येत नाही. या प्रमाणपत्राची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट या कळांनी एकट्याने काही उमटत नाही. त्या दुसऱ्या कळेचा अर्थ बदलतात. कंट्रोलसह ‘सी’ म्हणजे नक्कल, ‘व्ही’ म्हणजे ती नक्कल हव्या त्या जागी उतरवणे. विंडोजमध्ये डाव्या ऑल्टसह शिफ्ट दाबून भाषा बदलता येते. वरच्या एफ1 ते एफ12 कळांची कामे प्रोग्रॅमनुसार बदलतात.

उजवीकडचा आकड्यांचा गट एका हातासाठी आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर किंवा बाजार समितीच्या हिशेबात दिवसभर आकडेच भरायचे असतात, तिथे त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. त्यातल्या 5 वरही उंचवटा असतो. नम लॉक बंद असेल तर त्यातल्या 2, 4, 6 आणि 8 या कळा बाणांचे काम करतात.

एंटर नवी ओळ देते, होम ओळीच्या आरंभी नेते, एंड शेवटी. खोडण्याच्या कळा दोन असून मराठीत त्यांचा फरक मोठा आहे. ‘आष्टी’च्या शेवटी बॅकस्पेस दाबली की आधी फक्त वेलांटी जाते, मग ट, मग हलन्त, चूक तेवढीच सुधारता येते. कर्सर ‘ष्टी’च्या आधी ठेवून डिलीट दाबली, तर बहुतेक ठिकाणी सगळे जोडाक्षर एकदम पुसले जाते.