ट्राम गेली, टीटी राहिलं

१९६० साली केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराचं ‘द इमेज ऑफ द सिटी’ प्रसिद्ध झालं. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजलिसच्या रहिवाशांकडून त्याने त्यांच्या शहराचे नकाशे आठवणीतून काढून घेतले होते. रस्ते, कडा, विभाग, नाके आणि खुणा यांच्या आधाराने माणूस शहर मनात बांधतो, असं त्याने मांडलं.

त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांतली मुंबई या नजरेने पाहण्यासारखी आहे. इथल्या कडा ठळक : एकीकडे समुद्र, मधोमध रेल्वे. पत्ता विचारला की आधी ‘ईस्ट की वेस्ट?’ हेच. परळ आणि प्रभादेवी ही स्टेशनं पुलाने जोडलेली, तरी लाइन वेगळी म्हणून कित्येकांच्या मनात ती लांबलांब आहेत. उपनगरातली जुनी माणसं तर फोर्टात जायचं असलं की ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणत. त्या फोर्टाची तटबंदी १८६०च्या दशकातच पाडली गेली, तरी नाव टिकलं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली; ट्राम कधी न पाहिलेली पोरंही आज ‘दादर टीटी’ला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, उतरतात.

गिरणगावाचं, म्हणजे कापडगिरण्यांच्या भागाचं, मात्र तसं झालं नाही, आणि ते मला फार लागतं. तिथला नकाशा कानांनीही वाचला जाई. भोंगा कुठल्या गिरणीचा, हे घरबसल्या कळायचं. गेट, नाका, खानावळ, चाळ, व्यायामशाळा अशी पाळीगणिक पायाखालची वाट होती. जानेवारी १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ती तुटली. आज मॉल झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात तिची जुनी चिमणी उभी आहे. मॉलमध्ये येणारे तिच्यासमोर फोटो काढतात. पाळी सुटल्यावर तिच्या रोखाने घराची दिशा धरणारा कामगार आता तिथे नाही. टीटीचा नाका टिकला, कारण तिथली रोजची ये-जा थांबली नाही. गिरणगावात खूण जपली, पण वाट मोडली.

आता वाट जमिनीखालूनही जाते : २०२५मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पोहोचली. गर्दीच्या या शहरात ती हवीच होती. पण खिडकीतून समुद्र नाही, नाका नाही, देवळाचा कळस नाही. काळबादेवीला वर आलेला नवखा माणूस आधी पाटी शोधतो, मग मोबाइल काढतो. म्हणून बाहेर पडण्याच्या प्रत्येक दाराशी लोकांच्या तोंडी असलेली नाक्यांची, गल्ल्यांची नावं ठळक लिहिलेली असली पाहिजेत.