मगरीची जीभ आणि आपली मूत्रपिंडे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विन हे शहर आहे. पावसाळ्यापूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेथील हवा इतकी दमट होते की घाम लवकर वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होते. त्यामुळे शरीर घाम गाळतच राहते आणि पाणी व मीठ दोन्ही गमावते. समोर अथांग समुद्र असतो. पण त्याचे पाणी तहान भागवू शकत नाही. असे का?

आपल्या रक्तातील क्षारांचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असते. त्याचा खारेपणा लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मिठाइतका असतो. अंगातील पाणी घटले, की हे प्रमाण वाढते. मेंदूला ते ताबडतोब कळते. मग आपल्याला तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात येते. त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. लघवी कमी व गडद पिवळी होते. पाणी जास्त झाले, तर संप्रेरक घटते आणि जादा पाणी बाहेर टाकले जाते. बाहेर काहीही बदलो, आतील स्थिती कायम राखण्याच्या या क्रियेला 'समस्थिती' म्हणतात.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील दीड-दोन लिटरच बाहेर जाते. परंतु त्यांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतकी खारट लघवी आपली मूत्रपिंडे तयार करू शकत नाहीत. ते क्षार बाहेर टाकण्यासाठी एक लिटरहून अधिक पाणी लागते. ते शरीरातूनच जाते. म्हणजे प्यायल्याने तहान वाढते आणि शेवटी जीवही जाऊ शकतो. म्हणूनच कोकणातील कोळी समुद्रावर जाताना गोडे पाणी बरोबर नेतात.

डार्विनजवळच्या खाड्यांत मात्र मोठमोठ्या मगरी खाऱ्या पाण्यात राहतात. त्यांची मूत्रपिंडे आपल्याहूनही दुबळी असतात. मग त्या जगतात कशा? १९८१ साली टॅपलिन व ग्रिग या शास्त्रज्ञांनी हे कोडे उलगडले. मगरीच्या जिभेवर बारीक ग्रंथी असतात. त्या जादा मीठ बाहेर टाकतात.

आपल्या जिभेवर अशा ग्रंथी नाहीत. आपल्याला आधार आहे तो तहानेचा आणि मूत्रपिंडांचा. तेव्हा उन्हात खेळताना किंवा काम करताना तहान मारू नये. घाम फार गेला असेल, तर पाण्याबरोबर मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबतही घ्यावे.