माझा हिरो: मांडव्याचा अविनाश साबळे

३००० मीटर स्टीपलचेस टीव्हीवर एकदा तरी बघाच. २८ वेळा अडथळे, ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा जवळपास ९१ सेंटीमीटर उंच आणि जाडजूड लाकडी. हर्डल्ससारखा धक्का लागून पडत नाही, पडतो तो धावपटूच!

यात वर्षानुवर्षं केनियाचं राज्य. राष्ट्रकुल स्पर्धेत तर १९९८ पासून तिन्ही पदकं त्यांचीच. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या अविनाशने ती साखळी तोडली. वेळ ८:११.२०, रौप्य. सोनं हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने! पठ्ठ्या शेवटच्या फेरीत असा काही सुटला होता की मी खुर्चीत बसूच शकलो नाही.

घरची शेती, तीही दुष्काळी भागातली. लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल पायपीट. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंट, सियाचीनची थंडी. शर्यतीचं खरं प्रशिक्षण तिथूनच पुढे, म्हणजे तसं उशिराच. मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

पुढे हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. बर्मिंगहॅमची शर्यत अजून पाहिली नसेल तर आजच शोधा.