जुन्या ली-एनफील्ड रायफलीवरील खुणांचे वाचन

सैन्याने सेवेतून काढलेली जुनी रायफल संग्रहालयात येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा एखादी कथाही येते. ही रायफल अमुक लढाईत वापरली गेली, असे देणारा सांगतो आणि पुरावा म्हणून पोलादावरील सालाकडे बोट दाखवितो. त्या सालाचा व त्याभोवतीच्या खुणांचा अर्थ कोठवर लावता येतो, याचा विचार प्रस्तुत टिपणात ली-एनफील्ड रायफलीच्या आधारे केला आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेतल्यावरच निरीक्षणास आरंभ करावा, हे सांगणे नकोच.

लाकडी दस्ता पोलादी सांगाड्याला जेथे जोडलेला असतो, तेथे उजव्या अंगावर मुख्य अंकन असते. समजा, तेथे मुकुट, ‘जी. आर. आय.’, ‘इशापूर’, ‘१९४२’ आणि ‘नं. १ मार्क ३’ व पुढे तारका आहे. आद्याक्षरे राजा व सम्राट जॉर्ज याच्या लॅटिन बिरुदाची होत. इशापूर हा बंगालमधील रायफल कारखाना. त्याऐवजी ‘लिथगो’ असते तर रायफल ऑस्ट्रेलियात, ‘बी. एस. ए. कंपनी’ असते तर बर्मिंगहॅमला घडली असे ठरले असते. मार्क ३ हा नमुना १९०७ चा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढविण्यासाठी त्यातील दूर पल्ल्याचे बाजूचे नेम इत्यादी भाग वगळण्यात आले. तारका या बदलाची द्योतक होय. ‘नं. १’ हे नामकरण १९२६ चे आहे. प्रजासत्ताकानंतरच्या इशापुरी रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आढळतात.

तथापि ‘१९४२’ हे साल सांगाड्याचे आहे, सबंध रायफलीचे नव्हे. झिजलेली नळी बदलली जाई व नव्या नळीवर तिचे स्वतंत्र साल असे. ‘एफ. टी. आर.’ ही अक्षरे कारखान्यातील संपूर्ण दुरुस्ती दर्शवितात. सांगाडा, नळी, बोल्ट व नळीच्या टोकाकडील टोपण यांवरील क्रमांक ताडून पाहावेत. ते जुळले तरी सर्व भाग मूळचेच, असा निष्कर्ष काढू नये. दुरुस्तीच्या वेळी नव्या भागावर जुना क्रमांक घालीत. खोडलेला क्रमांक मात्र बदलाची स्पष्ट साक्ष देतो.

बाणाचे टोक ही ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. अशी दोन टोके परस्परांसमोर भिडलेली असल्यास शस्त्र सरकारी सेवेतून विकले गेले, असे समजावे. ‘डी. पी.’ ही अक्षरे विशेष महत्त्वाची: अशी रायफल केवळ कवायतीसाठी राखलेली असून ती झाडण्यास असुरक्षित मानावी. सोबत मिळालेले काडतूस मात्र रायफलीविषयी काहीच सिद्ध करीत नाही. त्याच्या बुडावर ‘के. एफ.’ असल्यास ते खडकीच्या कारखान्याचे, एवढेच कळते.

मग लढाईचे काय? दस्त्यावर पितळी चकती असल्यास तिच्यावर कधी कधी पलटणीचे संक्षिप्त नाव सापडते. पण ती चकती स्क्रूने बसविलेली असल्याने तीही बदलता येते. कोणत्याही कारखान्याने रणांगणाचे नाव पोलादावर कोरलेले नाही. म्हणून नोंदवहीत खुणा जशा दिसतात तशा प्रथम उतराव्यात, आणि देणाऱ्याची कथा त्याच्या नावे स्वतंत्र रकान्यात लिहावी. दोन्ही एकत्र लिहिल्या गेल्या की काही वर्षांनी ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागते, आणि ती चूक पुढे दुरुस्त करणे फार कठीण जाते.