नियतकालिकांतील कथेची जागा : एका आकुंचनाचा मागोवा

मराठी कथा ग्रंथाच्या आधी नियतकालिकात रुजली, आणि तिचा आकार, तिची लांबी व तिचा वाचक या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ नियतकालिकानेच ठरवल्या. म्हणून गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांतील तिच्या वाटचालीचा विचार करताना कथालेखनाचा इतिहास आणि कथेला मिळालेल्या जागेचा इतिहास वेगवेगळे पाहावे लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो ऱ्हास झाला तो मुख्यतः दुसऱ्या इतिहासातला आहे. कथा लिहिली जाणे थांबले नाही, परंतु संसार, उद्योग, आरोग्य आणि राजकारण यांच्या शेजारी दरमहा सहज वाचली जाण्याचा तिचा हक्क क्रमाने संपुष्टात आला.

या जागेचा आरंभ हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये काढलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकात दिसतो. कुटुंबातील सर्वांना वाचता येईल असे हे पत्र होते, आणि त्यात दोन प्रकारचे कथात्म लेखन शेजारी शेजारी नांदत होते. एक क्रमशः छापली जाणारी कादंबरी, जिचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पण लक्षांत कोण घेतो?’, आणि दुसरी स्फुट गोष्ट, म्हणजे मागचापुढचा अंक हाताशी नसला तरी स्वतंत्रपणे वाचता येणारी छोटी कथा. क्रमशः कादंबरी वर्गणीदाराला बांधून ठेवत असे, तर स्फुट गोष्ट अधूनमधून अंक हाती पडणाऱ्या वाचकाची सोय करत असे; नियतकालिकाला दोहोंची गरज होती आणि या व्यावहारिक गरजेतूनच कथेला तिचे पहिले स्थान मिळाले.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने, जे १८९५ मध्ये सुरू झाले, हे स्थान पक्के केले. वि. सी. गुर्जर यांच्यासारख्या लेखकांनी एकाच अंकात पूर्ण होणाऱ्या ‘संपूर्ण गोष्टी’ लिहून घटनांची वळणे आणि अखेरचा उलगडा यांची वाचकांना सवय लावली. याच मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, ही घटना त्या वेळी केवळ एका उत्सवी उपक्रमाची होती. पुढे नियमित मासिकातील जागा आटत गेल्यावर कथेचा मुख्य आधार हाच उपक्रम होणार होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘रत्नाकर’, ‘यशवंत’, ‘ज्योत्स्ना’ अशा मासिकांनी कथेला भरपूर पाने दिली, आणि ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथात्म लेखनाच्या तंत्राची जी मांडणी केली, तिच्यातील आटोपशीरपणाचा आग्रह मासिकाच्या मोजक्या पानांशी चांगलाच जुळणारा होता.

सर्वसाधारण वाचकांचे मासिक, म्हणजे कोणत्याही एका विषयाला वाहिलेले नसलेले आणि घरातील अनेकांच्या हाती फिरणारे मासिक, या संज्ञेला सर्वांत योग्य ठरणारे उदाहरण किर्लोस्कर समूहाचे आहे. कारखान्याची वार्ता देण्यासाठी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली काही वर्षांतच ‘किर्लोस्कर’ झाली, आणि तिच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. या मासिकांत कथा हा स्वतंत्र साहित्यविभाग नव्हता. यंत्रोद्योग, विवाहसंस्था, बुद्धिवाद आणि स्त्रीशिक्षण यांवरील लेखांमध्ये ती विखुरलेली असे. त्यामुळे साहित्य वाचण्याचा कोणताही संकल्प न करता अंक उघडणाऱ्या वाचकापर्यंत ती पोहोचत असे, आणि मासिकातील कथेचे खरे बळ या अनपेक्षित भेटीतच होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कथेला अपूर्व प्रतिष्ठा लाभली, पण त्याच काळात तिच्या वाचकवर्गाची फाळणीही सुरू झाली. १९३३ मध्ये निघालेली ‘सत्यकथा’ आणि १९४३ मध्ये बडोद्याहून सुरू झालेली ‘अभिरुची’ यांनी नवकथेला, म्हणजे घटनांच्या रचनेपेक्षा मनोव्यापारांच्या शोधाला महत्त्व देणाऱ्या कथेला, घर मिळवून दिले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही नावे या पर्वाशी निगडित आहेत, आणि ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेला तपशीलवार पत्रव्यवहार हा संपादनाचा मानदंड ठरला. दुसरीकडे अनंत अंतरकरांचे ‘हंस’ (१९४६) व त्याची भावंडे ‘मोहिनी’ आणि ‘नवल’, तसेच नंतरची ‘मेनका’ व ‘माहेर’, यांनी रंजक, विनोदी, गूढ आणि कौटुंबिक कथेचा मोठा वाचक राखला. ‘हंस’सारखी मासिके ही सीमा वरचेवर ओलांडत असली तरी वाङ्मयीन कथा आणि रंजक कथा यांचे पत्ते हळूहळू वेगळे होत गेले, आणि ‘किर्लोस्कर’च्या धर्तीच्या मासिकातील मधली जागा अरुंद झाली.

साठीच्या दशकात या प्रतिष्ठेलाच आव्हान मिळाले. अशोक शहाणे यांचा मराठी साहित्यावरील ‘क्ष-किरण’ लेख १९६३ मध्ये ‘मनोहर’मध्येच प्रसिद्ध झाला, तर १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथा’ची होळी केली. लघुनियतकालिक म्हणजे अल्प प्रतींचे, जाहिरातींवर न विसंबणारे आणि प्रस्थापित संपादकीय निवडीला नाकारणारे प्रकाशन. त्याने लेखकाला स्वातंत्र्य दिले, पण व्यापक वाचक देणे त्याच्या आवाक्यात नव्हते. भालचंद्र नेमाडे यांनी कथेला कादंबरीच्या तुलनेत गौण ठरवणारी भूमिका मांडल्याने महत्त्वाकांक्षी तरुण लेखकाच्या मनातील तिचे मोलही काहीसे उतरले.

त्याच सुमारास मजकुराची भूक अन्य प्रकारांनी भागू लागली. श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’ने आणि ‘साधना’ने रिपोर्ताजाला, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या कथनपर वृत्तांताला, पाने दिली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ (१९८०) यांनंतर अनुभवाची साक्ष देणाऱ्या आत्मकथनाला जे वजन प्राप्त झाले, त्यापुढे कल्पित कथा संपादकांना कमी निकडीची वाटू लागली असावी. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९८४ नंतर मालिकांनी संध्याकाळ व्यापली. घरगुती रंजनाचे काम आणि त्याच्याबरोबर जाहिरातींचा पैसाही पडद्याकडे वळला. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी मासिकाचा संमिश्र आशय दैनिकाच्या किमतीत घरपोच दिला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली, तेव्हा एका मासिकाच्या अंताबरोबरच संपादकाच्या नित्य देखरेखीखाली कथाकार घडवण्याची एक पद्धतही खंडित झाली.

यानंतर कथेचा निवास मुख्यतः दिवाळी अंकात राहिला, आणि या स्थलांतराने तिचे रूपही बदलले. दरमहा आठ-दहा पाने मिळण्याऐवजी वर्षातून एकदा तीस-चाळीस पाने मिळू लागल्याने दीर्घकथा, म्हणजे कथेची एकाग्रता राखून कादंबरिकेच्या विस्ताराकडे झुकणारा प्रकार, बहरला. गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे, भारत सासणे, मिलिंद बोकील यांच्या लेखनात या विस्ताराचे सामर्थ्य दिसते. उलटपक्षी, कथालेखन हंगामी झाले, एकाच वेळी शेकडो अंक बाजारात आल्याने एकेका कथेला मिळणारे लक्ष घटले, आणि नव्या लेखकाला वर्षभरात अनेकदा फसण्याची व सावरण्याची जी संधी मासिक देत असे ती उरली नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व. पु. काळे यांच्या कथाकथनाने कथा रंगमंचावर आणि पुढे ध्वनिफितींवर पोहोचवली होती, पण ऐकण्याची कथा वाचण्याच्या कथेची भरपाई पूर्णतः करू शकत नव्हती.

कथेच्या गुणवत्तेत घट झाली असे म्हणण्यास मात्र आधार नाही. जयंत पवार यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२ मध्ये, आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ मध्ये आणि किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला २०२१ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, यावरून गिरणगाव, मराठवाडा आणि कोल्हापूरचा परिसर यांतील बदलते जग पकडण्याची या प्रकाराची क्षमता शाबूत असल्याचे दिसते. तथापि हे संग्रह मुद्दाम शोधून वाचणाऱ्याच्या हाती पडतात, आणि शेतीवरचा किंवा पाककृतीचा मजकूर वाचता वाचता कथेवर येऊन ठेपणारा वाचक त्यांना लाभत नाही. सर्वसाधारण मासिकाच्या ऱ्हासामुळे मराठी कथेने लेखक गमावला नाही. तिने गमावला तो कथा वाचायला न बसलेला वाचक, आणि त्याला परत मिळवणारे दुसरे माध्यम मराठीत अद्याप उभे राहिलेले नाही.