शनिवार वगळून आखलेली सहल

सहल ठरवायला बसलं की आपण बायका आधी कुठला शनिवार-रविवार मोकळा आहे ते बघतो. मुलांच्या परीक्षा, ऑफिस, घरातल्यांची जेवणं हे सगळं त्यातच बसवायचं असतं. महाराष्ट्रातला ज्यू वारसा बघायला निघायचं असेल तर मात्र नेमकी हीच सवय सोडावी लागते. आमच्या बारा जणींची पहिली खेप मी शनिवारीच ठरवली होती. सकाळी अलिबागच्या इस्राएल आळीत गाडी थांबली तेव्हा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू होती. एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आज शब्बाथ आहे. आज कसं दाखवणार तुम्हाला?" बाराही जणी हातात मोबाइल धरून फाटकाशी उभ्या होत्या. ती चूक माझी होती, कारण उत्तर तर कोकणाने कधीच देऊन ठेवलेलं आहे. तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या इथल्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलांना, रायगडच्या गावांत पिढ्यान् पिढ्या 'शनिवार तेली' म्हणत आले.

म्हणून पहिलं काम कॅलेंडरचं. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसू लागल्या की संपतो. या वेळात विस्तव पेटवत नाहीत, स्वयंपाक करत नाहीत, पैशांचा व्यवहार करत नाहीत. शुक्रवारी दुपारनंतर घराघरात त्याचीच गडबड असते, तेव्हा शुक्रवारही सोडावा. आम्ही आता रविवारी निघतो आणि सोमवारी रात्री परततो. प्रत्येकीला एक रजा टाकावी लागते, पण ती सत्कारणी लागते.

सणांचंही बघून घ्यावं. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं आहे आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यातही अधिक महिना घालतात, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळे बहुतेक वर्षी त्यांचं नवं वर्ष घटस्थापनेच्या आगेमागे येतं, यॉम किप्पूरचा कडक उपास दसऱ्याच्या सुमारास आणि सुक्कोथ कोजागरीच्या. त्यांचा अधिक महिना आपल्याबरोबरच पडेल असं नाही, म्हणून काही वर्षी महिनाभराचा फरक पडतो. तारखा त्या त्या वर्षीच्या बघायच्या. बेने इस्राएल लोकांनी या सणांना दिलेली जुनी मराठी नावं मला फार आवडतात. नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. यॉम किप्पूर म्हणजे 'दारफळणीचा सण', त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं म्हणून. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचं सुतक पाळायचा दिवस तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी बिरडं खायची रीत. हिब्रू नावं विस्मरणात गेली होती त्या काळातही हे दिवस पाळले जात होते, आणि लक्षात राहिले ते स्वयंपाकघरातून.

सहल आखताना हा धागा मी पकडून ठेवते. ज्यू वारसा म्हटलं की लोक लगेच कोचीचं १५६८ सालचं सिनेगॉग सुचवतात, नाहीतर ससून घराण्याच्या इमारती. दोन्ही बघण्यासारखं आहे. पण ससून हे बगदादहून आलेले व्यापारी, १९व्या शतकातले. आपली मायबोली बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल, आणि त्यांची पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर, झिराडकर ही आडनावं एकापाठोपाठ एक वाचली तरी रायगड जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. नुसत्या इमारती बघून परतलात तर हे हातून निसटतं. म्हणून एक दिवस मुंबईला आणि एक दिवस कोकणाला द्यावा.

गट दहा-बारा जणींचाच ठेवावा. २०११च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. कोकणातल्या काही सिनेगॉगांची देखभाल दोन-चार कुटुंबांवर आहे. तिथे चाळीस जणींची बस नेऊन उभी करणं म्हणजे यजमानांवर ओझं टाकणं. महिना-दीड महिना आधी विश्वस्तांना पत्र पाठवावं: किती जणी, कुठून, कशासाठी, कोणत्या वेळी. सोबत प्रत्येकीच्या ओळखपत्राची प्रत जोडावी आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात माणसं मारली गेली, तेव्हापासून मुंबईत सिनेगॉगांच्या दाराशी पोलीस असतात. मोठ्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. फोटोची परवानगी जागेवर पुन्हा विचारावी, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा फोटो घेऊच नये.

रविवारची सुरुवात काळा घोड्यापासून करावी. तिथलं केनेसेथ एलियाहू १८८४ सालचं, जेकब ससून यांनी बांधलेलं, निळ्या-पांढऱ्या रंगाचं. दुरुस्तीनंतर ते २०१९मध्ये नव्याने उघडलं. आत शिरताना चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी पेटी दिसेल. ती मेझुझा, आत हाताने लिहिलेलं धर्मवचनांचं चर्मपत्र असतं, आणि येणारा-जाणारा तिला बोटं लावून ओठांशी नेतो. मधोमध उंच कठडा आहे तो तेबा. तिथे उभं राहून पोथी वाचतात. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल असतो, म्हणजे पोथ्यांचं कपाट. पश्चिमेला का, हे कुणीतरी विचारतंच: जेरुसलेम इथून पश्चिमेला आहे. बायकांची जागा वरच्या सज्जात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींना जिन्याची कल्पना आधी द्यावी. पण जमेल तिने वर जाऊन पाच मिनिटं जरूर बसावं. खालून दिसतो तो देखावा असतो. वरून दिसतं ते इथल्या बायकांनी इतकी वर्षं पाहिलेलं.

तिथून मांडवीकडे जाताना वाटेत कामा हॉस्पिटल लागतं. गाडी दोन मिनिटं थांबवावी. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल स्त्रीरोगतज्ज्ञ इथे १९२८ ते १९४७ वैद्यकीय अधीक्षक होत्या. १९६६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भायखळ्याकडे गेलात की त्यांच्या समकालीन रिबेका रूबेन यांची गोष्ट सांगावी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला त्या पहिल्या आल्या. मुलगी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. बायकांच्या सहलीत या दोघी वगळल्या तर सहल अर्धीच होते.

मांडवीतलं शार हारहमीम हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, १७९६ सालचं. सॅम्युएल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले अंमलदार टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ते बांधलं. मशीद बंदर स्टेशनचं नाव याच जुन्या 'मशिदी'वरून पडलं असं समाजात सांगतात. रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. भायखळ्याचं मागेन डेविड (१८६४) डेविड ससून यांचं. त्याच आवारात ससून घराण्याच्या शाळा आहेत आणि त्यांत शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. हे मुद्दाम दाखवावं. डोक्याला रुमाल किंवा पदर असावा, बाह्या कोपरापर्यंत असाव्यात; चपला काढायची गरज नसते, पण आमच्यातल्या निम्म्या जणी सवयीने काढतातच.

सोमवारी समुद्रमार्गे जावं: गेटवेवरून लाँच, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, मांडव्यापर्यंत. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, म्हणून ही सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावी. मांडव्याहून अलिबागकडे किनाऱ्याच्या वाटेने जाताना किहीमच्या पुढे नवगाव लागतं. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथेच फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. समुद्राने किनाऱ्याला आणून टाकलेल्या मृतांना गावकऱ्यांच्या साहाय्याने पुरलं, पुरुषांना एका उंचवट्याखाली आणि बायकांना दुसऱ्या. तिथे आता स्मारक आहे. शेजारच्या जुन्या दफनभूमीत कबरींवर फुलांऐवजी खडे ठेवलेले दिसतील. आपणही ठेवावा एक, आणि बाहेर पडल्यावर हात धुवावेत.

अलिबागचं मागेन आबोथ १८४८चं, रेवदंड्याचं बेथ एल १८४२चं. दोन्हीकडे जायला वेळ नसेल तर एकच बघावं आणि तिथे निवांत बसावं. परतीला पेण-पनवेलचा रस्ता धरला की वाटेत खंडाळे गावाजवळ एक खडक आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचा रथ इथून आकाशात गेला आणि चाकांची नि घोड्याच्या टापांची खूण राहिली, अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक इस्राएलमधूनसुद्धा इथे येतात.

जेवणाची व्यवस्था हॉटेलात करू नये. समाजातल्या एखाद्या घरी स्वयंपाक करून देतील का ते पत्रातच विचारावं, आणि रीतसर पैसे द्यावेत. ते घरच्या बाईच्या हातात पडतील असं बघावं. सिनेगॉगला देणगी वेगळी द्यावी आणि तिची पावती घ्यावी. त्यांचे खाण्याचे नियम सगळ्यांना आधी समजावून सांगितले की प्रश्न अवघड होत नाहीत. मटण-चिकनबरोबर दूध, दही, तूप चालत नाही. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा: पापलेट, सुरमई चालते, कोळंबी, खेकडा, मुशी नाही. या नियमामागेही एक परंपरा आहे. डेविड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला तेव्हा हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे त्याला ताडून बघायचं होतं. त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले. कोणत्या शतकातली गोष्ट यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण समाज ती अशीच सांगतो: पुरुषांना फक्त 'शेमा' ही एक प्रार्थना येत होती, आणि ओळख पटली ती चुलीपाशी.

गेल्या खेपेला आमच्या यजमानीणबाईंनी चिकाचा हलवा कसा करतात ते दाखवलं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे. भांड्याच्या तळाशी पांढरा चीक बसला तेव्हा आमच्यातली एक ओरडलीच, "अहो, हे तर कुरडयांचं!" अगदी तोच. फक्त तो शिजतो नारळाच्या दुधात, साखर घालून, कडा सुटेपर्यंत हलवत. गाईचं दूध का नाही? नव्याच्या सणाला जेवणात मटण असतं, मग त्यावर दुधाचं गोड कसं चालेल? कोकणात नारळ दारातच होता. शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, द्राक्षाची वाइन लागते, ती कोकणात कुठून मिळणार? त्यांनी काळ्या मनुका भिजवून शरबत केलं आणि त्यावर आशीर्वाद म्हटला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हागादामध्ये, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, चित्रं आहेत. त्यात लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिरी भाकरी लाटताना दिसतात. त्या पानाची छापील प्रत मी गाडीत सगळ्यांना देते, घरी पोचण्याआधी.

भेट म्हणून घरची मिठाई नेऊ नये. त्यांच्या नियमात बसते की नाही हा पेच त्यांच्यावर येतो. आम्ही नारळ आणि अख्खी, न कापलेली फळं नेतो. गेल्या खेपेला ती त्याच संध्याकाळी कामाला आली, कारण यजमानांच्या घरात मलिदा होता. एलियाहू हनाबीच्या नावाने हा मलिदा नवस फेडताना करतात, लग्नाआधी करतात आणि शुभकार्यात तर असतोच. पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. ताटाच्या मधोमध त्याचा ढीग, भोवती फळं, गुलाबाचं फूल आणि सब्ज्याची डहाळी. मग एकेका वस्तूवर वेगळा आशीर्वाद: वासाच्या वस्तूला वेगळा, झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतून येणाऱ्याला वेगळा. खजूर हे झाडाचं फळ, चिकूही. केळं मात्र जमिनीच्या आशीर्वादात जातं. आमच्यातल्या नागावच्या मैत्रिणीला ते लगेच पटलं. घड उतरवला की केळ तोडूनच टाकायची, ती कुठलं झाड, म्हणाली. यजमानीणबाई हसल्या, केळं सोलून त्यांनी तिच्या हातात दिलं, आणि हिब्रू शब्द एकेक करून तिच्याकडून म्हणवून घेतले.